मुक्ताआजीच्या मोटारीचा स्टड

मुलांनो, एक गोठा डोळ्यांपुढं आणा बरं. डोळे मिटून आणलात तर जास्त छान दिसेल, पण मग पुढचं वाचणार कोण? तेव्हा उघडेच ठेवा. गोठा वलवणचा, धरणाच्या अलीकडं, एका बंगल्याच्या मागचा. दार ढकललं की कुरकुरतं. आत अंधार आणि जुन्या पेंढ्याचा वास. गाय नाही, बैल नाही. आहे ती एक मोटार. तिचं कापडी छत फाटून लोंबतंय, चाकं मातीत बसली आहेत, पुढच्या एका दिव्यात कोळ्यानं संसार मांडलाय, आणि मागच्या गुबगुबीत गादीवर एक तांबडी कोंबडी अंडी उबवत बसली आहे. ती तुमच्याकडं अशी बघते, जणू मोटार तिच्याच नावावर आहे आणि तुम्ही न विचारता आत आलात.

दिसलं? मग आता गोष्ट सुरू करायला हरकत नाही.

साल एकोणीसशे अडतीस असेल. बंगल्याच्या शेठनं मुंबईला नवी मोटार घेतली आणि तिच्यासाठी त्याला गोठ्याची जागा हवी झाली. बंगल्यावर हौशीराम नावाचा माळी होता. शेठ त्याला म्हणाला, "ते जुनं धूड बाहेर काढ. पुढं त्याचं काय करायचं ते तुझं तू बघ."

हौशीरामनं काय करायचं ते तिथल्या तिथं ठरवलं. त्यानं घरचे बैल आणून मोटारीला जुंपले. पुढं बैल, मागं मोटार, मोटारीत चाक धरून ऐटीत बसलेला हौशीराम आणि त्याच्या मागं कोंबडी, कारण ती काही केल्या उठेना. अशी वरात वलवणातून निघाली ती लोणावळ्याच्या बाजारात ताजुद्दीनच्या दारात येऊन थांबली.

ताजुद्दीन मणियारांच्या घरातला. त्याचा बाप, आजा, सगळे बायकांना बांगड्या भरणारे. हा एकटाच लहानपणी एका बंगल्यावर मोटार पुसायला लागला आणि त्याचं मन इंजिनातच राहिलं. आता घराच्या पुढच्या अंगाला त्याची बायको नजमा बांगड्यांचं दुकान चालवायची, आणि मागच्या अंगणात पत्र्याखाली ताजुद्दीन मोटारी दुरुस्त करायचा. बाजारातले लोक म्हणायचे, "मणियाराचा पोरगा मोटारींना बांगड्या भरतो." ताजुद्दीन रागवायचा नाही. पिस्टनच्या गोल रिंगा हातात नाचवून म्हणायचा, "मग ह्या काय आहेत?"

त्यांची मुलगी खुर्शीदा. दुपारी ती आईजवळ बसून बांगड्या भरायला शिकायची, तेव्हा तिच्या हातांना साबणाचा वास यायचा. संध्याकाळी ती मागं पत्र्याखाली जायची आणि मग घासलेटचा वास यायचा. तिला दोन्ही वास आवडायचे. कुठला जास्त, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "जेवताना साबणाचा."

त्या दिवशी बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकून ती पळत बाहेर आली. हौशीराम मोटारीतून उतरत होता.

"ताजू, ही चालंल का रं?"

"आधी कोंबडीला विचार," ताजुद्दीन म्हणाला. मग त्यानं मोटारीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडलं, आत बोट फिरवलं, वास घेतला. "चालेल. पण हौशीराम, तुला मोटारीतून जायचंय कुठं?"

"मला न्हाई. आईला."

हौशीरामची आई मुक्ताबाई. अख्खं वलवण तिला मुक्ताआजी म्हणायचं. तिचं माहेर कामशेतच्या पुढं, पवनेच्या अंगाला, एका लहानशा वाडीत. तिथं तिची धाकटी बहीण सरुबाई राहायची, कारण सरुबाईला गावातच दिलेली होती. पूर्वी चैत्रातल्या जत्रेला मुक्ताआजी दर वर्षी माहेरी जायची. मग एकदा विहिरीच्या पायरीवरून तिचा पाय घसरला. कंबरेखालचं मोडलेलं हाड सांधलं, पण वाकडं सांधलं. कामशेतला फलाट इतका बुटका, की आगगाडीची पायरी तिच्या छातीशी यायची. बैलगाडीनं न्यायला गेले, तर हिसक्यांनी ती इतकी कळवळली की कार्ल्याच्या फाट्यावरून माघारी आणावं लागलं. इकडं सरुबाईला डोळ्यांनी दिसेनासं झालेलं. ती यायची नाही, ही जायची नाही. मधे फक्त निरोप जायचे आणि यायचे.

"मोटारीला गादी हाये, खाली स्प्रिंगा हायेत, आन् पायरी बघ कशी बुटकी हाये," हौशीराम म्हणाला. "औंदाच्या जत्रंला आईला सरुमावशीच्या दारात उतरवायची. यवढंच एक करायचंय मला."

"मग करू," ताजुद्दीन म्हणाला.

आणि केलं की. तो सगळा हिवाळा पत्र्याखाली नुसती मजा चालली होती. पेट्रोलची टाकी आतून गंजली होती. ताजुद्दीननं तिच्यात नदीतली वाळू आणि घासलेट घातलं, भोकं बंद केली आणि खुर्शीदाच्या मैत्रिणींना सांगितलं, "हलवा." पोरींनी टाकी एकमेकींकडं अशी हलवली की वाळूनं आतला सगळा गंज खरवडून काढला, आणि त्यांचे हात दुसऱ्या दिवशीही आपोआप हलत होते. नजमानं फाटक्या छताला जाड धाग्यानं ठिगळं लावली. गादीत शेवरीचा नवा कापूस भरला. कोंबडी पिलांसकट खुर्शीदाच्या अंगणात राहायला आली आणि तिनं पुन्हा मोटारीचं नाव काढलं नाही.

संक्रांतीनंतर एका सकाळी हौशीरामनं पुढचा हँडल फिरवला आणि इंजिन सुरू झालं. धडधडलं, शिंकलं, आणि मग त्यातून चहाच्या किटलीसारखी वाफ यायला लागली.

"आत पाणी जातंय," ताजुद्दीन म्हणाला. त्यानं खुर्शीदाला जवळ बोलावलं. त्याला तशी सवयच होती. काही बिघडलं की आधी तिला दाखवायचं आणि मग दुरुस्त करायचं. "हे बघ. खाली हा ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड. वर हे हेड, म्हणजे झाकण. दोघांच्या मधे तांब्याचं पॅकिंग असतं. ते सडलंय. डब्याचं झाकण सैल असलं की काय होतं?"

"आतलं सांडतं."

"इथं बाहेरचं आत सांडतंय. झाकण काढायचं, नवं पॅकिंग घालायचं, झाकण लावायचं."

नवं पॅकिंग पुण्याहून यायला चैत्र उजाडला. जत्रा शनिवारी होती. मंगळवारी ताजुद्दीन हेड काढायला बसला.

आता तुम्हाला स्टड कळायला हवा. स्टड म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट. लोखंडाचा दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना आटे. एक टोक ब्लॉकमध्ये घट्ट बसवलेलं, दुसरं वर उभं. अशा उभ्या दांड्यांच्या रांगेवर हेड बसवायचं आणि प्रत्येकावर नट आवळायचा. हे नट एकेक करून सुटत गेले. शेवटचा कोपऱ्यातला नट मात्र हलेना. तिथंच पाणी झिरपत होतं, त्यामुळं तिथला गंज सगळ्यात जुना.

"त्याच्यावर घासलेट सोडतो आणि उद्या बघू," ताजुद्दीन म्हणाला आणि पुढं दुकानात कुणी आलं म्हणून उठून गेला.

हौशीरामला काही उद्यापर्यंत राहवेना. जत्रा तोंडावर आली होती. त्यानं पान्याच्या दांड्यावर एक लांब नळी चढवली. खुर्शीदा म्हणाली, "काका, अब्बा उद्या म्हणालेत."

"आगं, गाडीचं चाक रुतलं की आमी असंच करतो. लांब दांडा आन् एक दणका."

त्यानं दणका दिला. कट् असा आवाज झाला. नट सुटला खरा, पण त्याच्याबरोबर अर्धा स्टडही हातात आला. हौशीराम पाना घेऊन मागं मातीत बसला.

"तुटला," तो हळूच म्हणाला.

आतून नजमाचा आवाज आला. "तुटला म्हणू नका, भाऊ. वाढला म्हणा."

आपल्याकडं बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, बांगडी वाढली म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. नजमाच्या दुकानात तर फुटणं, तुटणं हे शब्द उंबऱ्याच्या आत यायचेच नाहीत. पण हौशीरामला हसू आलं नाही. त्यानं स्वतःच्या हातानं आईची जत्रा मोडली होती.

ताजुद्दीननं येऊन बघितलं. त्यानं हेड उचलून बाजूला ठेवलं. खाली ब्लॉकमध्ये स्टडचा तुकडा राहिला होता, अगदी तोंडाशी सपाट. दात पडावा आणि मूळ आत राहावं तसा. वर धरायला काही नाही. मग ताजुद्दीन हौशीरामच्या शेजारी मातीत बसला आणि विडी पेटवून त्याच्या हातात दिली.

"ह्यो एक नसला तर न्हाई का चालणार? बाकीचे हायेत की यवढे," हौशीराम म्हणाला.

"नेमका तिथूनच पाणी आत जातंय रे. कोपरा दाबला गेला नाही तर कामशेत राहिलं लांब, शेजारच्या तुंगार्लीपर्यंतसुद्धा जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर खुर्शीदा धावतच पत्र्याखाली गेली. ताजुद्दीन तिची वाट बघत थांबला होता. त्याच्या हातात पोगर होता, म्हणजे खूण उठवायचं टोकदार पोलाद.

"तुकड्याच्या बरोब्बर मध्याला भोक पाडायचं. मध्य सापडला तर निम्मं काम झालं. चुकला तर गिरमिट बाजूचे आटे खाईल. सांग, कुठं ठोकू?"

खुर्शीदानं गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून बोट दाखवलं. ताजुद्दीननं पोगर तिथं ठेवला, स्वतः बघितलं, केसभर सरकवला आणि ठोकला. मग गिरमिटानं भोक पाडायला सुरुवात केली. तो समोरून बघायचा, ती बाजूनं.

"अब्बा, माझ्याकडं कलतंय."

"आता?"

"आता सरळ."

लोखंडाचा बारीक चुरा वर येत होता आणि हौशीराम तो फुंकून उडवत होता. इतक्या जपून फुंकत होता, जणू पाळण्यातल्या बाळाच्या डोळ्यांत धूळ गेली आहे.

भोक पडलं. मग ताजुद्दीननं लोखंड घासायची एक जुनी कानस घेतली. कानशीच्या मुठीत जी निमुळती, चौकोनी शेपटी बसवलेली असते ना, ती त्यानं भोकात ठेवून हातोडीनं ठोकली. गोल भोकात चौकोनी शेपटी. तिच्या चारही कडा आत रुतल्या. आता कानशीला पाना लावून फिरवलं की तिच्याबरोबर स्टडही फिरायला हवा.

ताजुद्दीननं डावीकडं जोर लावला. काही नाही. आणखी लावला. काही नाही. शेजारचा कोंडाजी लोहार हे सगळं आपल्या भट्टीपासून बघत होता. तो म्हणाला, "त्याला ऊब द्या की राव. गारठलंय ते."

कानस काढली. कोंडाजीनं एक सळई लालभडक तापवून सांडशीत धरून आणली आणि तिचं टोक स्टडच्या तुकड्यावर टेकवलं. ताजुद्दीननं खुर्शीदाला सांगितलं, "तापलं की लोखंड फुगतं, निवलं की आक्रसतं. ह्या फुगण्या-आक्रसण्यात गंजाला भेगा पडतात." मग तापलेल्या तुकड्याच्या कडेला मेणबत्ती टेकवली. मेण वितळलं आणि आट्यांच्या फटीत दिसेनासं झालं. स्टडनं मेण पिऊन टाकलं म्हणा.

पुन्हा कानस, पुन्हा पाना, पुन्हा डावीकडं जोर. ह्या वेळी किर्र असा आवाज झाला. हौशीरामचा चेहरा उजळला. पण ताजुद्दीननं लगेच हात काढून घेतला.

"स्टड नाही फिरला. कानशीच्या शेपटीला पीळ पडतोय." त्यानं घाम पुसला. "आता थांबायचं. ही शेपटी आत राहिली तर सगळंच संपलं. कानशीचं पोलाद इतकं कडक की त्याला गिरमिट लागत नाही. मग ब्लॉकच दुसरा हवा, आणि ह्या म्हाताऱ्या मोटारीचा ब्लॉक आता कुठं मिळायचा?"

हौशीराम उठून वलवणला घरी गेला.

गुरुवारी दुपारी नजमा बांगड्यांची पेटी घेऊन वलवणला निघाली. जत्रेच्या आधी ती गावोगाव फिरून बायकांना बांगड्या भरायची. खुर्शीदा बरोबर होती. मुक्ताआजी ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती.

"ये गं नजमा. माझ्या जत्रंच्या बांगड्या आणल्यास का?"

"आणल्यात, मावशी. आज खुर्शीदा भरेल तुम्हाला."

खुर्शीदानं आईकडं बघितलं. आतापर्यंत तिनं मैत्रिणींचे मऊ हात भरले होते. मुक्ताआजीची बोटं आल्याच्या कांड्यांसारखी, पेरं सुजलेली. तिनं साबण लावला, अंगठा आत दुमडला, बोटं जवळ घेतली आणि हिरवी बांगडी चढवायला लागली. बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडली. तिनं रेटली. आजीनं ओठ आवळले.

"रेटू नकोस," नजमा म्हणाली. "मागं घे."

"मागं घेतली तर चढणार कशी?"

"मागं घे म्हणते ना. अडली तिथंच ढकलत बसलीस तर बांगडी वाढेल, नाहीतर हात सोलेल. मागं घे, जरा फिरव, साबण आत जाऊ दे. मग पुढं. मगाचपेक्षा केसभर जास्त जाईल. अडली की परत मागं. हात म्हणेल तेवढंच."

"माझ्या हौशाला शिकीव गं हे," मुक्ताआजी म्हणाली. "पाच वर्साचा व्हता तवा गव्हाणीच्या लाकडात डोस्कं अडकवून बसला. वडतोय पुढं, वडतोय पुढं. म्हणलं मुडद्या, मागं घे की. न्हाई. शेवटी त्येच्या आज्यानं लाकूड कापलं." ती हसायची थांबली. "खुर्शे, खरं सांग. काय मोडलंय मोटारीचं? हौशा माझ्याकडं नीट बघंना झालाय."

खुर्शीदानं सगळं सांगितलं. स्टडचं, भोकाचं, कानशीच्या शेपटीचं. आजीला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"बरं. न्हाई झाली तर न्हाई. सरीला सांगावा धाडू, का औंदा बी जमत न्हाई म्हून." तिनं हात पुन्हा खुर्शीदापुढं धरला. "पर बांगड्या भर तू. सरी काय, तिला दिसत न्हाई. पर मला दिसत्यात की."

खुर्शीदानं बांगडी मागं घेतली. जरा फिरवली. पुढं सरकवली. पुन्हा मागं. बांगडी केसभर पुढं गेली, मागं आली, आणखी केसभर गेली. मग हाडावरून अलगद उतरून मनगटात जाऊन बसली, इतकी सहज की आजीला कळलंसुद्धा नाही.

खुर्शीदा बांगडीकडं बघत राहिली. मग तिनं उरलेल्या बांगड्या अशा झपाझप भरल्या की नजमा म्हणाली, "अगं, हो हो, कुणी पाठीशी लागलंय का?"

"अम्मा, लवकर घरी चला. कोंडाजीकाकांनी भट्टी विझवायच्या आत."

घरी पोचल्यावर तिनं पेटीसुद्धा खाली ठेवली नाही. ताजुद्दीन आणि हौशीराम ब्लॉकसमोर बसले होते, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे.

"अब्बा, तुम्ही एकाच बाजूला फिरवताय."

"मग? सोडवायचा तर डावीकडंच फिरवायला हवा."

"आधी उजवीकडं."

"आगं पोरी," हौशीराम म्हणाला, "काढायचाय का आणखी आवळायचाय?"

"काढायचाय. अडला की मागं घ्यायचं. थोडा उजवीकडं, थोडा डावीकडं. मग मधे मेण जाईल."

ताजुद्दीन तिच्याकडं बघत राहिला. मग आतल्या दाराकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "नजमा, सात पिढ्या बांगड्या भरणाऱ्यांचा मी मुलगा, आणि हे मला सुचू नये?"

"तुम्ही दुपारी दुकानात कधी बसलात का?" नजमा आतून म्हणाली.

कोंडाजीनं सळई तापवली. स्टडला ऊब मिळाली, मेण मिळालं. कानशीची शेपटी नव्यानं ठोकली. ती चौकोनी होती, म्हणून दोन्हीकडं फिरवता येणार होती. ताजुद्दीननं पाना खुर्शीदाच्या हातात दिला.

"तू धर. माझा हात कालपासून रागावलाय, तो ऐकायचा नाही. तुला कळेल कधी थांबायचं ते. मी फक्त टोकाला हात लावतो. तू म्हणशील तेवढंच रेटीन."

खुर्शीदानं दोन्ही हातांनी पाना धरला. "उजवीकडं. बास." काही हललं नाही. "डावीकडं. बास. उजवीकडं." पाना तिच्या हातात नुसता ताणला जात होता. "डावीकडं. बास, बास."

"हललं का?" हौशीरामनं विचारलं.

"काका, बोलू नका. ऐकू येत नाही."

पत्र्याखाली सगळे गप्प झाले. उजवीकडं, डावीकडं. उजवीकडं, डावीकडं. आणि मग तिच्या तळहातांना काहीतरी जाणवलं. दिसलं काहीच नाही, पण ज्या जागी पाना मघाशी भिंतीसारखा थांबत होता तिथं तो आता लोण्यात गेल्यासारखा जरासा आत गेला. तिनं लगेच मागं घेतलं. पुन्हा पुढं. स्टडच्या कडेनं तांबूस गंज मिसळलेलं मेण वर आलं.

"अब्बा, सोडा. मला एकटीला करू द्या."

ताजुद्दीननं हात काढला. ती पुढं-मागं, पुढं-मागं करत राहिली आणि दर वेळी पुढचं जाणं मागच्या येण्यापेक्षा थोडं मोठं होत गेलं. अर्धी फेरी झाली. मग पूर्ण फेरी. मग मागं यायची गरजच राहिली नाही. स्टड गोल गोल फिरत वर आला आणि कानशीच्या टोकाला लटकत बाहेर पडला.

हौशीराम उठला आणि त्यानं कोंडाजीला सांडशीसकट उचललं. कोंडाजी म्हणाला, "अरं, मी न्हाई, पोरीनं काढलाय. मला खाली ठेव, सळई तापलेली हाये." दुकानात बांगड्या भरायला आलेली एक बाई काय झालं बघायला मागं धावत आली. तिचा एक हात भरलेला होता आणि दुसऱ्याला नुसताच साबण. ताजुद्दीननं खुर्शीदाचे दोन्ही तळवे आपल्या काळ्या हातांत घेतले आणि उलटसुलट करून बघितले, नवीन हत्यार आणल्यावर बघतो तसे.

शुक्रवारी नमाजाहून आल्यावर त्यानं आटे साफ केले, नवा स्टड बसवला, पॅकिंग घातलं, हेड लावलं. हौशीरामला पान्याला हात लावू दिला नाही. त्याच्याकडं पाणी आणायचं काम होतं, आणि त्यानं गरजेपेक्षा खूप जास्त पाणी आणलं. संध्याकाळी इंजिन सुरू केलं. धडधडलं, शिंकलं आणि मग एका लयीत चालायला लागलं. वाफ नाही की काही नाही.

शनिवारी सकाळी मोटार वलवणला मुक्ताआजीच्या दारात उभी राहिली. आजीनं पायरीवर पाय ठेवला, हौशीरामनं हात दिला, आणि ती शेवरीच्या गादीत जाऊन बसली. बसल्या बसल्या तिनं गादी दोनदा दाबून बघितली.

"ही तर घरापरीस बरी हाये. हितंच ऱ्हाते मी आता."

पुढं चाक धरून ताजुद्दीन, शेजारी हौशीराम, मागं मुक्ताआजी, नजमा आणि मधे खुर्शीदा. कार्ल्याच्या फाट्यावर आजीनं मान वळवली. "हितनं परत नेलं व्हतं मला," ती म्हणाली, आणि फाटा मागं जाईपर्यंत बघत राहिली. कामशेतच्या बाजारात हौशीरामनं विनाकारण इतक्या वेळा भोंगा वाजवला की तांदळाच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन म्हणाला, "कळलं बाबा, मोटार हाये तुझ्याकडं."

वाडीच्या वेशीत पोरं जमली, कुत्री जमली. सरुबाईच्या दारात मोटार थांबली. सरुबाई काठी टेकत बाहेर आली. आवाजाच्या रोखानं तिनं हात पुढं केला तो तापलेल्या बॉनेटवर पडला.

"आगं बया. ह्यो कुटला बैल? लय तापलाय."

"सरे, त्यो बैल न्हाई," मुक्ताआजी म्हणाली. "मी हितं हाये. मागं ये."

सरुबाई जिथल्या तिथं थांबली. "कोण गं? मुक्ती?"

"व्हय."

सरुबाई मोटार चाचपत मागं आली. तिच्या हातांना आधी दार लागलं, मग गादी, मग बहिणीचा पदर, मग तोंड. मग सरुबाई म्हणाली, "वाळलीस." आणि मुक्ताआजी म्हणाली, "तू बी काय लोण्याचा गोळा न्हाईस." आणि दोघी हसायला लागल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या, आणि हौशीराम उगाचच चाकाची हवा तपासायला खाली वाकला.

थोड्या वेळानं सरुबाईनं विचारलं, "देवळापातुर जाती का गं ही तुझी मोटार?"

"विचार की ताजूला."

"जाईल," ताजुद्दीन म्हणाला. नजमा उतरून पुढं बसली, खुर्शीदा कडेला सरकली आणि मधे सरुबाईला चढवलं. दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून बसल्या आणि बोलायला लागल्या. इतक्या वर्षांचं साठलेलं, त्यामुळं दोघी एकाच वेळी बोलत होत्या आणि दोघींनाही ऐकू येत होतं.

पण देवळाचा रस्ता म्हणजे गाडीवाट. चाकोरीत दगडच दगड. पहिल्या दगडावर मोटार उडाली तशी मुक्ताआजी बोलता बोलता थांबली आणि तिनं डोळे मिटून घेतले. मग पुन्हा बोलायला लागली, काही झालंच नाही अशी. दुसऱ्या दगडाला पुन्हा तसंच. सरुबाईला दिसत नव्हतं. हौशीराम पुढं बघत होता. खुर्शीदाला मात्र शेजारी बसून सगळं दिसत होतं.

"अब्बा, थांबा जरा."

मोटार थांबली. खुर्शीदा दारावरून खाली उतरली. तिनं ओढणी कमरेला खोचली, मोटारीच्या पुढं गेली, चाकोरीतला पहिला दगड उचलला आणि बांधावर नेऊन ठेवला. मग ती दुसऱ्यासाठी वाकली.